एका हंगामापुरता पाट

माझा सत्कार झाला की सूत्रसंचालक हमखास "जिद्द" हा शब्द काढतो. "ऊसतोड मजुराच्या कोपीत जन्मलेली मुलगी आज प्राध्यापक आहे, केवढी ही जिद्द!" मग टाळ्या, शाल, नारळ. मी हसून नमस्कार करते आणि मनात म्हणते, गप बस बाबा, तुला काय माहीत. जिद्दबिद्द माझ्यात काही नव्हती. दहावीतली एक भित्री पोर होते मी. गणिताचा तास आला की मी मागच्या बाकावर जाऊन बसायची. मी परीक्षेला बसले ते माझ्या मायनं तिचा नवरा दुसरीला दिला म्हणून. आता हे स्टेजवर कसं सांगायचं? सांगितलं तर शाल घेऊन उभा असलेला माणूस शाल कुठं ठेवू म्हणून इकडंतिकडं बघत बसेल.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटाहून आत. जमीन होती, पण पाऊस पडला तर ज्वारी आणि नाही पडला तर ढेकळं. दसरा झाला की गावातली धडधाकट माणसं ट्रकात बसून कारखान्याला जायची आणि ऊन तापायला लागलं की परत यायची. कारखान्याला जाणं म्हणजे ऊस तोडायला जाणं. कारखाना आतून कुणी बघितलेला नसायचा.

आणि कोयता म्हणजे आमच्याकडं नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी विचारत नाही. म्हणून तर दसऱ्याच्या तोंडावर गावात घाईघाईनं लग्नं लागायची. आमच्या वर्गात मुलींच्या बाजूचे बाक दसऱ्यानंतर निम्मे रिकामे असायचे. गुरुजी हजेरी घेताना ती नावं वाचायचेच नाहीत.

आता मी कॉलेजात सहकार शिकवते. सभासद, भागभांडवल, आमसभा, एक माणूस एक मत, असं सगळं फळ्यावर लिहून देते. मागं एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तोडणीवाले यात कुठं बसतात?" मी म्हटलं, कुठंच नाही, पुढचं लिहून घे. तिला राग आला असेल. मलाही आला होता, पण तिच्यावर नाही.

माय आणि आबा कारखान्याला गेले की मी काकूकडं राहायची. काकू म्हणजे आबांच्या थोरल्या भावाची बायको. काका फडातच साप चावून गेला, तेव्हा ती पुरती पंचविशीचीही नसेल. मूलबाळ नव्हतं. एकट्या बाईचा कोयता होत नाही, म्हणून टोळीनं तिला सोडलं ते सोडलंच. आमच्याच घराच्या मागच्या खोलीत ती राहायची, एक शेळी पाळायची, मिळेल ती रोजंदारी करायची आणि मला सांभाळायची. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या. सकाळी पांघरूण ओढून "उठा मास्तरीणबाई, का गाडी पाठवू?" असं तीच म्हणायची. ती होती म्हणून मी शाळेत होते, एवढं साधं होतं ते.

मायला माझ्या शाळेचं वेड लागलं ते उसाच्या फडात. एका बागायतदाराच्या रानात टोळी उतरली होती. त्याची उफाड्याची लेक बाजेवर बसून पुस्तक वाचत होती. माय पाणी मागायला गेली आणि पोरीला म्हणाली, "बाई, कळशी वतती का जरा?" तर आतून तिची आई ओरडली, "तिला उठवू नका, तिची परीक्षा आहे." माय सांगायची, "आगं, एवढी थोराड पोरगी. पन तिला कुनी काम सांगना. बापसुदिक हळू बोलत व्हता." त्या दिवसापासून मायनं ते वाक्य पाठ केलं. मी तिसरीत असल्यापासून कुणी मला शेण उचलायला सांगितलं तरी ती म्हणायची, "तिची परीक्षा हाय." तिसरीत कसली आलीय परीक्षा! पण तिला वाटायचं त्या शब्दात काहीतरी आहे.

मी नववीत होते तेव्हा माय फळीवरून पडली. डोक्यावर मोळी होती, फळी दवानं ओली होती. खुबा मोडला. मुकादमानं तिला वाढ्याच्या भाऱ्यांवर झोपवून गावाला पाठवलं. हाडं बसवणाऱ्यानं काड्या बांधल्या, पाय बसला, पण आखूड बसला. काठी टेकून ती घरातल्या घरात फिरायला लागली एवढंच. फळीवर चढणारी माय संपली हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं, पण बोललं कुणी नाही.

आणि त्याच वर्षी, मी दहावीत गेले तेव्हा, पाऊस गेला. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, पोळ्याला बैलांच्या अंगावर घालायला हिरवा पाला नाही. विहिरीच्या तळाला गाळ दिसायला लागला. टँकर यायचा तेव्हा बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. तिकडं माजलगावच्या धरणाखाली ऊस उभा होता म्हणे, पण धरण आमच्या काय उपयोगाचं? गावात रोजंदारी नाही, रानात कणीस नाही, आणि मायच्या औषधपाण्यापायी आबा मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल आधीच घेऊन बसलेले. कारखान्याला जाणं टळत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की आबांबरोबर कोयत्याचा दुसरा अर्धा भाग कोण होणार. आणि घरात धडधाकट बाई म्हणावी अशी मी होते.

मुकादम आला तो जीपमधून उतरताच सुरू झाला. "कोयता पुरा पायजे बे. अर्धा कोयता न्हेऊन मी काय ट्रकात शोभंला बसवू?"

आबा म्हणाले, "बायकूचा पाय बघा की मुकादम. तिला धड उभं ऱ्हाता येईना."

"मंग पोरगी हाय की. कशी वाढलीय बघ. कावून घरात बसिवतो तिला?"

माय आतून म्हणाली, "तिची परीक्षा हाय."

मुकादम खदखदा हसला. "परीक्षा! तहसीलदारीन करती का काय केजला?"

"न्हाई झाली तर न्हाई झाली. पर बसनार हाय ती."

मी दाराच्या मागं उभी होते.  मला तहसीलदार व्हायचं नव्हतं, काहीच व्हायचं नव्हतं. मला फक्त फडात जायचं नव्हतं. आमच्या वर्गातल्या एकीचे हात मी बघितले होते, पाचटानं चिरलेले. ती परत आली तेव्हा तिच्याशी काय बोलावं ते मला कळलं नव्हतं, आणि तिलाही नाही.

मुकादम गेल्यावर आबा माझ्याशी लई गोड बोलले, आणि त्यानंच मी घाबरले. "एक वरीस चल बाई. म्होरल्या वर्सी बस परीक्षेला. परीक्षा काय पळून चाललीय व्हय?" आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला कधी चापट मारलेली आठवत नाही. पण एक वर्ष म्हणून गेलेली एकही पोर शाळेत परत आलेली गावात नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

मग मायनं काकूला गाठलं. काकू सुपात रेशनची ज्वारी पाखडत बसली होती.

"आक्का, औंदा तुमी जाता का कोयत्यावर? पोरगी माझ्यापशी ऱ्हाईल."

"मी? कुनाच्या कोयत्यावर?"

"ह्यांच्या."

काकूनं सूप खाली ठेवलं. "येड लागलं का गं तुला? येका कोपीत दीर-भावजय? गाव तोंडावर थुकंल."

मुकादमही तेच म्हणाला. एका कोयत्याला एकच कोपी मिळते, चटयांची, माणूस धड उभा राहत नाही एवढी. "टोळीत लेकीबाळी हायेत. उद्या कमीजास्त झालं तर निस्तरायचं मलाच. नवरा-बायकू पायजे, न्हाईतर पोरगी दे." आबांनी मान हलवली. म्हणजे मीच जाणार हे जवळजवळ ठरलं. मी दप्तर कोनाड्यात ठेवून दिलं आणि दोन दिवस शाळेत गेलेच नाही.

 मग एका दुपारी आबा जेवत असताना माय म्हणाली, "पाट लावा."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. थोरला भाऊ गेला तर धाकट्या दिराशी भावजयीचा पाट लावायची आमच्याकडं जुनी चाल होती. पण ती बिनलग्नाच्या दिराशी, नाहीतर बायको गेलेल्याशी. इथं बायको समोर बसून भाकरी वाढत होती. कायद्यात हे बसत नाही हे मला पुढं कॉलेजात कळलं. तेव्हा कायदा आमच्या गावापर्यंत यायचाच नाही, तो केजच्या तहसिलीतच बसून असायचा.

आबांनी ताट सरकवलं. "शुद्धीत हायस का तू?"

"निस्तं नाव," माय म्हणाली. "टोळी म्हागारी आली की मोडून टाकू. चार मानसांत सांगू, मिटलं."

"आन तुला काय वाटंल?"

"मला काय वाटायचंय? मला पोरगी बसवायचीय परीक्षेला."

मायचं चुकलं ते इथं. तिचं सगळं आयुष्य हंगामावर गेलेलं. दसऱ्याला कोयता बांधायचा, उन्हाळ्यात सोडायचा. तिला वाटलं पाटही तसाच, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, हंगाम संपला, की सुटेल. तिला हसू नका. तुम्ही-आम्ही जे करार करतो त्यातलंही आपल्याला काय कळत असतं?

काकूला मागच्या खोलीतून बोलावलं. ती सगळं ऐकूनच आली होती. "मला कुनी इचारलं का?" ती म्हणाली.

"आता इचारते," माय म्हणाली.

 काकू माझ्याकडं बघून म्हणाली, "ही उसात गेल्यावर मी हितं कुनाच्या डोक्याला तेल लावू? लावा पाट." असं म्हणताना ती नीट असलेला पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. ते कशासाठी, हे मला तेव्हा समजलं नाही. आता समजतं, आणि मी तिला कधीही नावं ठेवणार नाही. इतकी वर्षं जिच्याकडं कुणी बाई म्हणून बघितलं नव्हतं, ती बाई होती ती.

पाट उजेडी लावत नाहीत. दिवस मावळल्यावर घराच्या मागं, शेळीच्या खुंटीजवळ, चार-पाच माणसांत उरकला. वाजंत्री नाही, मंगलाष्टका नाहीत. मायनं ट्रंकेतून तिचं जांभळं लुगडं काढून काकूला नेसायला दिलं. आबा भिंतीकडं तोंड करून उभे होते. पदराची आणि उपरण्याची गाठ बांधायला सवाष्ण लागते. ज्या दोघी आल्या होत्या त्यांतली एकही पुढं होईना, दोघी मायकडं बघायला लागल्या. मग मायच पुढं झाली. काठी माझ्या हातात दिली, एका पायावर कशीबशी उभी राहिली आणि मोळी बांधतात तशी करकचून गाठ मारली. मला वाटलं आता ही पडते. पण पडली नाही. मी काठी धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशीपासून टोळी निघेपर्यंत मायनं काकूला, तिची सवय सुटली होती म्हणून, सगळं नव्यानं शिकवलं. मोळी बांधायला वाढ्याचा आळा कसा पिळायचा, फळीवर पाय आडवा कसा टाकायचा. आणि आणखीही. "त्यांला पहाटं उठवायचं तर पाय हलवा, खांदा हलिवला तर दचकत्यात." "पाठीला डाव्या अंगाला दुखतंय, तिथं मिठाच्या पान्यानं शेका." "कालवनात चिच न्हाई चालत." काकू मान खाली घालून हं हं करत होती. मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसले होते आणि त्यातलं एक अक्षर मला दिसत नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं की बास कर माय, मी जाते उसात. पण ओरडले नाही. कारण मला जायचं नव्हतंच.

आबा काकूला आधी "वैनी" म्हणायचे. पाट लागल्यावर त्यांनी तिला काही म्हणणंच सोडलं. ट्रकात चढताना त्यांनी नुसता हात पुढं केला. काकूनं तो धरला. ट्रक गेल्यावर माय मला म्हणाली, "चल, बस अभ्यासाला."

तो हिवाळा मायनं आणि मी गावात काढला. टँकर आला की मी घागर घेऊन निघायची आणि माय मला ओढून परत बसवायची. स्वतः लंगडत जायची, निम्मी घागर सांडत आणायची. माझा अभ्यास भीतीनं झाला. एकेक धडा पाठ केला की वाटायचं फड एवढा एवढा लांब सरकला. मध्ये टोळीतला एकजण कुणाच्या तरी मातीला गावाकडं आला. चहा पिताना म्हणाला, "वैनी, तुमची जाऊ लई कामाची निघाली बगा. जोडी झ्याक जमलीय." माय हसली, त्याला आणखी चहा दिला. तो गेल्यावर तिनं सकाळीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. मी म्हटलं, "माय, राहू दे ना." तर खेकसली, "तुला काय करायचंय? पुस्तकात बघ!"

परीक्षेचं केंद्र केजला होतं. जीपमध्ये माणसं कोंबलेली, माय काठीसकट माझ्या बाजूला. सगळे पेपर होईपर्यंत ती रोज आली आणि शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिली. तिला वाचता येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं. कुणी विचारलं, म्हातारे इथं काय बसलीस, तर सांगायची. काय सांगायची ते तुम्हाला माहीतच आहे. ती तेव्हा म्हातारी नव्हती हो. चाळिशीचीही नव्हती.

टोळी परत आली ती भर उन्हात. ट्रक चावडीपाशी थांबला. बाया पटापट खाली उड्या टाकत होत्या. काकूनं उडी टाकली नाही. तिनं खाली उभ्या असलेल्या आबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आबांनी न सांगता खांदा पुढं केला होता. मायनं ते बघितलं. लंगडत ती ट्रकापाशी गेली, काकूच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि म्हणाली, "आक्का, जड उचलू नगा तुमी."

मला ते वाक्य कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी काकूच्या पोटाकडं बघितलं. काकू रडायला लागली. "आगं, माझी काय चूक गं..." माय म्हणाली, "रडू नगा, लोक बगत्यात."

पाट मोडायचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. मोडणार कसा? मायनं तिची वाकळ उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन टाकली, जिथं इतकी वर्षं काकू झोपायची. आबा दारात उभे राहिले आणि बाहेर निघून गेले. मी मायवर चिडले, थयथयाट केला. "तू बोलत कावून न्हाईस? तुझा नवरा हाय!"

"काय बोलू? गाठ म्याच बांधली न्हवं?" ती म्हणाली. मग वाकळ झटकत म्हणाली, "निकाल कधी हाय?"

निकाल लागला. पास झाले. फार मार्क नव्हते, पण झाले. पेढे कुठले? मायनं वाटीभर साखर घेतली आणि घरोघर चिमूट चिमूट वाटली. पुढच्या खोलीतही दिली, आबांना आणि काकूला. आबांनी चिमूट तळहातावर घेतली आणि अंगणात जाऊन तोंडात टाकली.

काकूला मुलगा झाला. आबा आणि काकू दर हंगामाला जोडीनं जायचे, तान्हं जरा मोठं झाल्यावर मागं ठेवून, आणि त्याला माय सांभाळायची. आधी काकूनं मायचं लेकरू सांभाळलं, आता मायनं काकूचं. लोकांच्या तोंडी हळूहळू काकूच आबांची बायको झाली. कोयता तिचा, मुलगा तिचा. मायला लोक "ती मागच्या खोलीतली" म्हणायला लागले.

मी मात्र सुटले. आधी अंबाजोगाईचं वसतिगृह, मग औरंगाबाद. पहिलं वर्ष मी जवळजवळ मुकीच होते, कारण तोंड उघडलं की पोरी हसायच्या. मग आरशासमोर उभी राहून मी "हाय"चं "आहे" केलं, "न्हाई"चं "नाही" केलं. केसांचं तेल गेलं, चालणं बदललं. पुढं नोकरी लागली, पुण्याकडच्या घरात लग्न झालं. सासरी विचारलं, वडील काय करतात? शेती. आई? घरी असते. यात खोटं काहीच नव्हतं. तुम्हाला आया किती, असं कुणी विचारत नाही.

मायला मी माझ्या फ्लॅटवर आणलं. ती सोफ्याच्या कडेला टेकून बसायची, पडेल की काय अशी. आठवडा झाला की चुळबुळ सुरू. "ह्यांनी भाकर खाल्ली आसंल का? दमा वाढलाय त्यांचा." मी एकदा भडकलेच. "अगं, काय राहिलंय तुझं तिथं? एक मागची खोली!"

"घर हाय माझं."

"कसलं घर माय? कोण विचारतं तुला?"

ती पिशवी भरायला लागली. एसटीत बसवून दिलं तेव्हा मला तिचा इतका राग आला होता की मी हातसुद्धा हलवला नाही.

आबा गेले ते पुन्हा एका कोरड्या वर्षी, कारखान्यावरून आल्यावर, दम्यानं. मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधत होते. सगळ्या बाया काकूभोवती. कुणी तिला धरलंय, कुणी पाणी पाजतंय, कुणी तिच्या गळ्यात पडून आक्रोश करतंय. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात माय काठी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं. एक म्हातारी काकूला धरून लगबगीनं आली आणि मायला म्हणाली, "सर गं जरा बाजूला, हिला न्हानीत न्यायचंय." म्हातारी काही दुष्ट नव्हती. तिच्या ध्यानातच आलं नाही.

काकूला भिंतीपाशी बसवलं. दगड आणला. तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. काच फुटल्याचा आवाज आला आणि बायांनी गळा काढला. मी तोंड फिरवलं. या प्रथेवर मी बोलते, लिहिते. विधवेच्या बांगड्या फोडू नका म्हणून आमच्या कॉलेजच्या पोरींना घेऊन मी गावोगाव हिंडले आहे. आता पुढं होऊन अडवावं की काय, या विचारात मी उभी होते, तेवढ्यात मायनं मला मागच्या खोलीतून हाक मारली. मी आत गेले. कोपऱ्यात पाटा-वरवंटा होता. मायनं वरवंट्याकडं बोट दाखवलं.

"माझ्या कोन फोडनार?"

तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. मी म्हटलं, "माय, हे सगळं थोतांड आहे. बाईचा असा अपमान..."

"तुजं भाशन ऱ्हाऊ दे तिकडं," माय म्हणाली. माझ्या शिकण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा ती असं बोलली. "बाहिर सगळ्यांनी तिच्या फोडल्या. माझ्याकडं बगितलं का कुनी? मी त्यांची कोन व्हते? तूच सांग. शिकलेली हायस ना, सांग."

  मी वरवंटा उचलला. मायनं डावा हात पाट्यावर ठेवला. मी डोळे मिटले आणि मारला. काच फुटली. आणि मायनं हंबरडा फोडला, असा की अंगणातलं सगळं रडणं एकदम बंद पडलं.

म्हातारी धावत दारात आली. "आगं बया, हिच्या कशाला फोडताय?"

तिच्या मागं काकू उभी होती. ओल्या केसांची, मोकळ्या मनगटांची. ती म्हणाली, "आधी तिच्याच फोडाया पायजे व्हत्या."

मग ती आत आली, मायच्या शेजारी बसली आणि मायचा उजवा हात धरून तिनं पाट्यावर ठेवला.